जेवलेला कावळा

थिएटरमध्ये अंधार झाला आणि पडद्यावर आमच्या गावचा घाट आला. नाशिकपासून थोडं खाली, गंगेच्या काठावर आमचं गाव. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. दगडी कठड्यावर एक कावळा बसलेला, त्याच्यासमोर पत्रावळीवर पिंड, आणि पिंडामागे ओलेत्या धोतरात हात जोडून उभा असलेला नट. कुणी बोलत नाही. संगीत नाही. कावळा पिंडाकडे बघतो, मान वळवतो, परत बघतो, पण जागचा हलत नाही. हे इतका वेळ चालतं की माणसाची खुर्चीत चुळबुळ सुरू होते. मग एकाएकी तो उडतो आणि समोरचं पिंड सोडून मागे, धूसर दिसणाऱ्या कुठल्यातरी दुसऱ्याच घोळक्यात जाऊन उतरतो. तिथल्या पिंडाला चोच लावतो. तेवढ्यात सिनेमाचं नाव येतं.

माझ्या शेजारचा माणूस हळूच "वा" म्हणाला. मागचा तो धूसर घोळका म्हणजे आमचं घर होतं आणि ते पिंड माझ्या वडिलांचं, तात्यांचं होतं.

पुढे पेपरात त्या पहिल्या प्रसंगावर बरंच छापून आलं. एकाने लिहिलं, कावळा म्हणजे बापाने मुलाला दिलेला नकार. दुसऱ्याने लिहिलं, कावळा परक्या पिंडाकडे जातो म्हणजे माणसं गाव सोडून शहराकडे जातात. तिसऱ्याला त्यात अख्खी समाजव्यवस्था दिसली. मी सगळं वाचलं आणि कपाळावर हात मारला. कावळा जेवलेला होता, बाकी काही नाही. ज्याला हवं त्याने हवं ते बघावं, माझी ना नाही. माझी काळजी वेगळीच होती. कावळा उडायच्या जरा आधी त्या धूसर घोळक्याजवळून ढगळ निळ्या शर्टातली एक मुलगी चालत जाते. तिचा हात खाली होतो आणि पत्रावळीशेजारी काहीतरी पांढरं पडतं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती पुढे निघून जाते. पेपरवाल्यांपैकी कुणाला ते दिसलं नाही. माझ्या आत्याला ते दिसलं असतं, तर माझ्या आईच्या कपाळावरचं कुंकू गेलं असतं.

आता हे नीट सांगायचं तर घाटावर जायला हवं.

आमचं घर फुलांचं. शेतात गुलाब, शेवंती, झेंडू आणि शहरातल्या फुलबाजारात आमची बसायची जागा. तात्या पिकवायचे, आई ओवायची. लग्नाचे हार म्हणजे आईचा हातखंडा. नवरा-नवरीचे हार, मुंडावळ्या, करवल्यांचे गजरे, सगळं तिच्या हातचं. लांबलांबची माणसं लग्नाची तारीख धरली की आधी तिच्याकडे येत. आत्याही फुलंच ओवते. ती तात्यांची धाकटी बहीण. विशीत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिच्याकडे देवाचे हार आणि तिरडीचे हार. लग्नाच्या हारांना तिने हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगत नसे. त्या फुलांचा ढीग पुढ्यात आला की ती आपली आपणच पाट घेऊन बाजूला सरकायची. लहानपणी मला वाटायचं, तिला गुलाबाची शिसारी आहे.

त्यामुळे तात्या गेले तेव्हा आईला काय धाक होता, हे मला वेगळं समजून घ्यावं लागलं नाही. तरी तिने ते बोलून दाखवलं, आणि ती सहसा काही मागणारी बाई नाही. रक्षा सावडून आम्ही परत आलो होतो. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "पोरी, माह्या कपाळाला कोणाला हात लावू देऊ नको."

मी म्हटलं, "नाही देणार."

"परकर नेसायचे तव्हापास्नं मी कुंकू लावते. तव्हा हे कुठं व्हते?" हे म्हणजे तात्या. "त्यांच्यासंगं ते कसं काय जाईल?"

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आमच्या भावकीत बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे सगळं दहाव्याला करतात, तेही घाटावर, पिंडाला कावळा शिवल्यानंतर, सगळ्यांसमोर. ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. ठरावाची पाटीसुद्धा लागली होती. पाटीच्या समोरून बायका कोऱ्या कपाळाने घरी जात होत्या.

मी दादाशी भांडले. दादा माझा मोठा भाऊ, मनाने वाईट नाही, पण चार लोक काय म्हणतील या एका प्रश्नापुढे त्याचं सगळं शहाणपण गार पडतं. "माझं काही नाही गं," तो म्हणायचा, "पण भावकीला काय सांगू?" भावकीला विचारावं तर भावकी म्हणायची, घरातल्या थोरांना विचारा. घरातलं थोर म्हणजे आत्या. आणि आत्या एकच वाक्य बोलायची.

"मी नाय जगले का?"

ती जगली होती, हे खरंच होतं. मी एकदा तणतणत म्हटलं, "आत्या, तुझ्यावर झालं म्हणून आईवर व्हायलाच पाहिजे का?" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातला झेंडू दोऱ्यात सरकवला आणि दुसरा घेतला. शेवटी असं ठरलं की जे व्हायचं ते रीतीप्रमाणे होईल, फक्त मंगळसूत्र तोडायचं नाही, काढून ठेवायचं. ही दादाने माझ्यासाठी केलेली सवलत. मी दहाव्याला घाटावर गेले ती हरूनच गेले.

घाटावर पोचलो तर तिथे आधीच गर्दी. कॅमेरे, छत्र्या, तारांची भेंडोळी. एक सिनेमा निघत होता आणि त्याची सुरुवात दहाव्याच्या विधीने होणार होती. दिग्दर्शक तरुण मुलगा, बोलायला अगदी साखर. त्याला पाठीमागे खरी माणसं हवी होती. तो दादाला म्हणाला, "तुमचं तुमचं चालू द्या, आम्ही लांबून घेऊ, चेहरे ओळखू येणार नाहीत." दादाने कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं. डोक्याचा गोटा झालेला, डोळे सुजलेले, तरी सिनेमा म्हटल्यावर माणूस विरघळला. मी त्याला तिथेच चार शब्द सुनावणार होते, पण गुरुजींनी हाक मारली.

विधी झाला, पिंड मांडलं. शेजारी तात्यांच्या आवडीचं सगळं: पेल्यात चहा, विडीचं बंडल, जिलबीचे दोन वेढे. आम्ही सगळे मागे सरून हात जोडून उभे राहिलो. आई मध्ये बसली होती. हिरव्या बांगड्या, ठसठशीत कुंकू. कुणीतरी ते सकाळी मुद्दाम मोठं लावलं होतं, शेवटचं म्हणून. आत्या पिंडाच्या अगदी जवळ बसली होती. तिच्या पायाशी एक गोल, गुळगुळीत गोटा होता. घाटावर उतरल्या उतरल्या तिने तो निवडून ठेवला होता. तो कशासाठी, हे मला कळत होतं आणि आईलाही कळत होतं. आई त्या गोट्याकडे बघत नव्हती, म्हणजे ती फक्त त्याचाच विचार करत होती.

कावळा येईना.

कावळे नव्हते असं नाही. कठड्यावर, पिंपळावर, मंदिराच्या पत्र्यावर, जिकडे बघावं तिकडे कावळे. बसलेत, चोच पुसतायत, आमच्याकडे बघतायत. येत मात्र एकही नाही. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: कावळा शिवला नाही की समजायचं, गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली. मग घरच्यांनी ती ओळखायची आणि ती पुरी करू असा शब्द मोठ्याने द्यायचा. बरोबर शब्द सापडला की कावळा येतो.

आमच्याकडे शब्दांची लाइन लागली. दादा म्हणाला, "तात्या, गुलाबाचा प्लॉट मोडणार नाही." कावळा ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, "तात्या, बांधाचं भांडण मिटवून टाकू." चुलतभावाच्या बायकोने चमकून त्याच्याकडे पाहिलं, कावळ्याने पाहिलं नाही. माझे मिस्टर पुढे झाले आणि म्हणाले, मारुतीच्या देवळाचा पत्रा आम्ही बदलू. तात्या आयुष्यात कधी त्या देवळात गेले नव्हते. ऊन चढायला लागलं. गुरुजींना पुढचं एक दहावं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवतो, शास्त्रात सोय आहे."

"दर्भाचा नको," आत्या म्हणाली. "माह्या भावाला खरा कावळा शिवंल. त्याच्या मनात काहीतरी आडकलं हे."

मी त्या कठड्यावरच्या कावळ्यांकडे बघत होते. इतके निवांत कावळे मी आमच्या घाटावर कधी पाहिले नव्हते. मग लक्ष गेलं तर सिनेमावाल्यांची ती निळ्या शर्टातली मुलगी खांद्याला कापडी पिशवी लावून कठड्याच्या कडेने फिरत होती आणि मूठमूठ काहीतरी टाकत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा तिच्याकडे गेले.

"काय घालतेस त्यांना?"

"शेव," ती घाबरून म्हणाली. "आधी पाव घातला, भात घातला. उजाडल्यापासून घालतोय."

"कशाला?"

"सरांना कावळा पिंडाजवळ बसलेला हवाय, पण खायला नको. पोट भरलं की ते माणसाजवळ बसतात, पण पिंडाला तोंड लावत नाहीत."

तेवढ्यात तो साखरतोंड्या आला. "ओपनिंग सीन आहे, मॅडम. कावळा म्हणजे आमच्या हिरोच्या मनातली टोचणी. बापाने त्याला माफ केलेलं नाही. सगळ्या सिनेमाचा सिंबॉल आहे तो."

"तुमचा सिंबॉल आमच्या गळ्याशी आलाय," मी म्हटलं. "आमचे तात्या सकाळपासून तिथे अडकलेत आणि तुम्ही पंगती उठवताय."

त्याने माफी मागितली, अगदी मनापासून मागितली, आणि कॅमेऱ्याकडे परत गेला. मुलगी मात्र तिथेच उभी राहिली. मी रागाच्या भरात तिला सगळं सांगून बसले. कावळा शिवला की आईच्या बांगड्या फुटणार, कुंकू पुसणार, तो गोटा बघ, ती बाई बघ, ती माझी आई. मुलगी बावीस-तेवीसची असेल. तिने आईकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, आता भुकेला कावळा कुठून आणू? पिशवीत एक अंडं आहे, उकडलेलं. पोट भरलेलं असलं तरी अंड्याला तो नाही म्हणत नाही."

"अंडं? पिंडाला?" मी म्हटलं. "माझी आत्या तुला गंगेत बुडवेल. नको, काही नको." आणि मी परत फिरले.

परत येताना मी ठरवलं होतं की सगळ्यांना सांगून टाकायचं, अहो, कावळे जेवलेत, तात्यांची काही इच्छाबिच्छा राहिलेली नाही. तोंड उघडणार, तोच विचार आला. हे सांगितलं की गुरुजी दर्भाचा कावळा करतील, तो शिवेल, आणि आत्या गोटा उचलेल. आणि जोवर कावळा येत नाही, तोवर इथे प्रत्येकाला वाटतंय की तात्यांना काहीतरी हवंय. तोवर तात्या अजून बोलू शकतात. मी गप्प बसले. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मी पुढे झाले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तात्या, आईचं कुंकू आम्ही पुसणार नाही. तिच्या बांगड्यांना हात लावणार नाही."

मागची कुजबुज थांबली. आईने मान वर केली. मी कठड्याकडे बघत होते. सगळे कठड्याकडे बघत होते. एका कावळ्याने पंख पसरले, झटकले आणि परत मिटून घेतले.

आला नाही.

मी पुन्हा म्हटलं. कावळा बसूनच.

मागून भावकीतले एक म्हातारबाबा म्हणाले, "बघा. त्याला बी पटलं नाय." आणि तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले आहे. इतका वेळ ती नुसती रीत होती. आता सगळ्यांच्या देखत तात्यांनी नकार दिला होता. मी आईला सोडवायला गेले आणि तिला तात्यांच्या तोंडून शिक्षा सुनावून आले. आईचे ओठ पांढरे पडले होते. तिने डावा हात उजव्या हातातल्या बांगड्यांवर ठेवला, नुसता ठेवला.

आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "लेकीच्या शब्दावर कसा येईल? लेक दुसऱ्याच्या घरची. लेकाला बोलू दे."

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. दादाने खाली बघितलं. त्याच्या नव्या तुळतुळीत डोक्यावर ऊन पडलं होतं आणि घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता, तरी तो पुसत नव्हता. मी त्याच्याकडे अशी बघत होते की त्या वेळी त्याने नाही म्हटलं असतं तर आमचं नातं तिथेच गंगेत वाहून गेलं असतं. त्याने एकदा भावकीकडे बघितलं, एकदा आईच्या हाताकडे. आई त्याच्याकडे बघत नव्हती. मग तो इतक्या हळू बोलला की गुरुजींना विचारावं लागलं, काय म्हणालात?

"आईचं कपाळ मोकळं करणार नाही, तात्या," दादा मोठ्याने म्हणाला. "माझा शब्द."

त्याच वेळी माझ्या डाव्या अंगाने कुणीतरी चालत गेलं. निळं काहीतरी. मी बघितलं नाही. खरं सांगते, मी मुद्दाम बघितलं नाही, माझी नजर आईवर होती. पंखांचा आवाज आला, आणि गुरुजी म्हणाले, "शिवला."

लोकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. म्हातारबाबांनी नदीला हात जोडले आणि म्हणाले, "तात्याचीच इच्छा व्हती तर. आता कोणी काय बोलायचं?" आत्याने पायाशी असलेला गोटा उचलला, पाण्यात टाकला, आणि पदर धुवायला खालच्या पायरीवर उतरली. आई अजून बांगड्यांवर हात ठेवूनच होती. तो हात मला सोडवून घ्यावा लागला.

त्यानंतर आईच्या कुंकवाची राखण कुणी केली असेल, तर आत्याने. यावर माझा स्वतःचा विश्वास बसत नव्हता. बाजारात एखादी बाई नाक मुरडायची, एखादा लग्नघरवाला कुजबुजायचा की आता हार दुसरीकडून घ्यायला पाहिजेत. मग आत्या आपल्या कोपऱ्यातून बोलायची, "तिच्या मालकाच्या पिंडाला कावळा शिवलाय ह्या शब्दावर. माह्या डोळ्यांनी पाहिलाय." तिच्यासारख्या बाईने असं म्हटल्यावर समोरचा गप्प व्हायचा. लग्नसराई आली आणि आईच्या पुढ्यात नेहमीसारखा गुलाबांचा ढीग पडला. सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य त्या एका कावळ्यावर.

आणि मग सिनेमा लागला.

मी आधी एकटीच जाऊन आले, ते सुरुवातीला सांगितलंच. घरी आले तेव्हा जीव टांगणीला लागला होता. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही की आपला घाट सिनेमात आहे. दादा गेला, बघून आला आणि खूश. त्याला फक्त स्वतःची पाठ दिसली. आई म्हणाली, मला नाही बघायचं. आणि आत्या, जी आयुष्यात थिएटरची पायरी चढली नव्हती, ती म्हणाली, "मला बघायचा हे तो पिच्चर."

मी होते नव्हते ते सगळे बहाणे केले. तिकिटं मिळत नाहीत. सिनेमा रटाळ आहे. तुझे गुडघे. तिथली थंडी. आत्या म्हणाली, "शाल घेईन." मी सासरहून, नाशिक रोडहून, येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मी शेजारच्या पोरींसंगं जाते. ते तर आणखी वाईट. अंडं टाकताना दिसलं आणि ती तिथे चारचौघांत बोलली तर संपलंच. मग मीच दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. ऐनवेळी आईही साडी बदलून तयार झाली. तिला काय वाटत होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

दोघींच्या मध्ये मी बसले. अंधार झाला. घाट आला, कठडा आला, कावळा आला. मी पडद्याकडे बघतच नव्हते. मी आत्याकडे बघत होते. पडद्याचा उजेड तिच्या कोऱ्या कपाळावर पडत होता. ती पुढे वाकली, डोळे बारीक केले. निळा शर्ट आला. माझी बोटं खुर्चीच्या हातात रुतली. आत्याची मान त्या शर्टाबरोबर डावीकडून उजवीकडे गेली, बरोबर त्या पांढऱ्या ठिपक्यापाशी थांबली, आणि कावळा उडाला. तिने पाहिलं होतं. शंकाच नको. ती मागे टेकली आणि शाल घट्ट ओढून घेतली.

मध्यंतरात मी चहा विचारला तर आत्या म्हणाली, "सुरुवातीचं परत दाखवतात का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं. उरलेला सिनेमा काय होता ते मला आजही सांगता येणार नाही. मी मनातल्या मनात दादाशी, भावकीशी, आत्याशी भांडत होते. शब्द शब्दच असतो, कावळ्याने काय खाल्लं त्याच्याशी काय देणंघेणं, असं काहीबाही जुळवत होते. मधूनच आईकडे बघायचे. ती मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती, जसं बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करत असताना बसते.

खेळ सुटला. गर्दी जाऊ दिली आणि आम्ही बाहेर आलो. थिएटरच्या पायऱ्या उतरताना आत्याचे गुडघे बोलायला लागले, म्हणून ती तिथेच एका पायरीवर बसली. आई तिच्या शेजारी बसली. मी उभीच राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं. पार्किंगमधून गाड्या निघत होत्या.

"ती निळ्या शर्टाची पोरगी," आत्या म्हणाली. "तिनं अंडंच टाकलं ना?"

थिएटरमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "आत्या," मी म्हटलं, "मी तिला नको म्हटलं होतं. शपथ."

"मला काय शपथ घालू राहिली? मी पिंडाशेजारीच बसले व्हते. माह्या पदराला बलक लागला व्हता. गंगेत धुतला नाय का मी?"

आईने दचकून तिच्याकडे बघितलं. मला हे समजायलाच थोडा वेळ लागला. "म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं? मग बाजारात सगळ्यांना सांगत होतीस ते?"

"काय खोटं सांगितलं? कावळा शिवला, माह्या डोळ्यांनी पाहिला. पाहिलाच व्हता."

"मग आज सिनेमा कशाला बघायचा होता?"

"लोकांना दिसतंय का, ते बघाया." तिने शालीचं टोक नीट केलं. "नाय दिसत. समदं धुरकट हे. ज्याला ठावं हे त्यालाच दिसंल."

"वन्सं," आई म्हणाली. तिने आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बांगड्या किणकिणल्या.

मला गप्प बसवेना. माझा स्वभावच तसा. मी म्हटलं, "आत्या, गोटा तूच निवडला होतास. दहा दिवस तू ऐकत नव्हतीस. अंडं पडताना बघितलंस तर ओरडली का नाहीस?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. एक रिक्षावाला थांबला, आम्ही येत नाही असं बघून निघून गेला.

"माह्या मालकाच्या पिंडाला कावळा झटक्यात शिवला व्हता," आत्या म्हणाली. "गुरुजींनी पिंड ठेवलं अन् तो आलाच. समदे म्हणले, लय समाधानी जीव. कोणाला काय बोलायला टाइमच नाय भेटला."